डाव्या कोपराचं शास्त्र

माझ्या थोरल्या जाऊबाई गाद्या विकतात. एकोणीस वर्षं विकतायत. कंपनीची चौदा दुकानं आहेत, त्यातल्या बाजाररस्त्यावरच्या दुकानात त्या शाखाप्रमुख आहेत, आणि ते पद त्यांना कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. सुरुवात फरशी पुसण्यापासून केली. मी त्यांना ताई म्हणते. पाठीमागे काय म्हणते ते सांगत बसत नाही. एका स्वयंपाकघरात दोन जावांनी इतकी वर्षं काढली की तोंडातून काहीबाही निघतंच. पण बाहेरच्या कुणी ताईंना बोललेलं मला खपत नाही, आणि ही गोष्ट नेमकी त्याचीच आहे. ताई स्वतः सांगणार नाहीत. स्वतःबद्दल चार वाक्यं बोला म्हटलं की त्यांना भांडी घासायची आठवण येते. म्हणून मी सांगते. जरा चढ्या आवाजात ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

मी घरी शिवणकाम करते. गादीच्या खोळी शिवून त्याच दुकानाला देते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी माझी तिथं फेरी असते. दुसऱ्या दुकानांत गिऱ्हाईक गादीवर हात फिरवतं, बोटाने दाबून बघतं आणि किंमत विचारतं. ताई किंमत सांगतच नाहीत. आधी विचारतात, "सकाळी उठल्यावर काय दुखतं?" मग बूट काढायला लावतात, गादीवर आडवं करतात आणि म्हणतात, "दहा मिनिटं पडा. मी येते." आणि खरंच निघून जातात. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या दोन मिनिटांत कुठलीही गादी मऊच लागते. चौथ्या मिनिटाला माणूस लाजायचं सोडतो. सातव्या-आठव्याला पाठ बोलायला लागते, आणि पाठ खोटं बोलत नाही. लोक घोरतातसुद्धा. एकदा एक कंडक्टर दीड तास झोपला, त्याची बायको शोधत शोधत दुकानात आली. ताईंनी तिलाही शेजारी आडवं केलं. संध्याकाळी दोघं मोठी गादी घेऊन गेले.

महिन्याच्या आत गादी परत करायची मुभा आहे. बाकीच्या दुकानांत दहातल्या दोन तरी परत येतात. ताईंच्या दुकानात शंभरात एखादी, तीही नवरा-बायकोचं बिनसलं म्हणून.

आता दुकानातली एक चेष्टा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला गंभीर चेहऱ्याने सांगायचं: गिऱ्हाईक झोपवायच्या आधी गादी डाव्या कोपराने तीनदा दाबायची. उजव्या कोपराने चालत नाही. कारण विचारायचं नाही. एका जुन्या विक्रेत्याने हे सुरू केलं होतं, तो निवृत्त झाला आणि चेष्टा मागे राहिली. नवा माणूस आठवडाभर इमानेइतबारे कोपर मारत फिरतो. मग शनिवारी चहाच्या वेळी सगळे हसतात, त्याला खरं सांगतात आणि त्या दिवसापासून तो दुकानाचा होतो. मलाही सोडलं नव्हतं. खोळी द्यायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी प्रत्येक खोळीवर तीन-तीनदा कोपर मारून दिलं होतं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

पाच वर्षांपूर्वी या दुकानात सहा आठवड्यांसाठी एक विद्यार्थी आला. मार्केटिंग आणि विक्रीची पदवी घेत होता, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा होता. जे दिसेल त्याचा तक्ता बनवायचा. किती गिऱ्हाईकं आली, किती पडली, किती उठून गेली. म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव 'तक्ते' ठेवलं. स्वभावाने वाईट नव्हता. ताईंना 'ताई ताई' करत मागे फिरायचा, दुपारी त्यांच्याच डब्यात जेवायचा. मला ठाऊक आहे, कारण ते सहा आठवडे डबा मी जास्तीचा भरत होते.

त्यालाही कोपर सांगितलं होतंच. शनिवार आला. त्याला खरं सांगायचं ताईंच्या जिवावर आलं. मला म्हणाल्या, "किती मनापासून करतोय गं. शेवटच्या दिवशी सांगू." शेवटच्या दिवशी नेमका मालाचा ट्रक आला, सगळे गाद्या उतरवण्यात गुंतले, आणि तो लांबूनच "येतो ताई" म्हणून गेला. सांगायचं राहून गेलं.

यंदा तोच तक्ते पाच दुकानांचा विभागीय अधिकारी होऊन परत आला. गळ्यात टाय, हातात टॅब, आणि ताईंना आता 'मॅडम'. आल्या आल्या त्याने दहा मिनिटांवर बोट ठेवलं. म्हणाला, "एक गिऱ्हाईक इतका वेळ गादी अडवतं, हे परवडत नाही." ताई "बरं" म्हणाल्या आणि दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. त्यांचं 'बरं' म्हणजे काय ते मला एकोणीस वर्षांत कळलंय, त्याला एवढ्यात कुठून कळणार.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. यापुढे शाखाप्रमुखाकडे मार्केटिंग आणि विक्रीची पदवी हवी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी महिनाअखेरपर्यंत कुठल्यातरी कॉलेजात प्रवेश घेतल्याची पावती दाखवावी. नाही दाखवली तर बदली गावाबाहेरच्या गोदामात. गोदाम मी पाहिलंय. पत्र्याचं छप्पर, खिडकी नाही, छतापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या आणि त्या मोजणारा एक माणूस. पगार पाऊणपट. आणि गिऱ्हाईक नाही. ताईंकडून गिऱ्हाईक काढून घ्यायचं म्हणजे मला कुणी सुई-दोरा हातात घ्यायचा नाही म्हणून सांगण्यासारखं आहे.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात चौघं बसलो. ताई, मी, भाऊजी आणि आमचे हे. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान, शाळेची बस चालवतात. दिवसभर साठ पोरांचा आरडाओरडा ऐकून घरी एक शब्द बोलत नाहीत. ते म्हणाले, "तुला शिकायचं असेल तर शिक. पैसे आहेत."

पैसे होते. पण ते कशासाठी होते हेही चौघांना ठाऊक होतं. अकरा वर्षं ताईंनी स्वतःच्या दोन खोल्यांसाठी जमवलेले. याच गल्लीत, वेगळी चूल, वेगळं दार. माझ्यापासून सुटका, असं मी म्हणायचे. त्या हसून "हो तर" म्हणायच्या.

ताईंनी माझ्या शिवणाच्या वहीचं मागचं पान उलटलं. फी म्हणजे त्यांचा वीस महिन्यांचा पगार. संध्याकाळचा कोर्स, तीन वर्षं. पास झाल्यावर पगारात दहा टक्के वाढ. म्हणजे वीस महिन्यांचा पगार परत मिळवायला दोनशे महिने. सोळा वर्षं आठ महिने. ताईंचं वय चव्वेचाळीस, पास होईपर्यंत सत्तेचाळीस. त्यांनी बेरीज केली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "साठीला निवृत्त झाल्यावर तीन वर्षं आठ महिन्यांनी माझी फी वसूल होतेय."

आमचे हे म्हणाले, "वहिनी, पण पद राहील ना?"

"पद राहायला पैसे भरायचे असतील तर ते पद आहे की भाड्याची खुर्ची?" हे ताई नाही, मी बोलले. माझं तोंड असंच आहे.

खरं सांगायचं तर मी तेव्हा स्वार्थीच होते. पैसे कॉलेजात गेले असते तर ताई अजून दहा वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात राहिल्या असत्या. मला ते हवं होतं. आणि ते मला हवंय याचाच मला राग येत होता, म्हणून मी जास्त जोरात बोलत होते.

ताई म्हणाल्या, "बघून तर येऊ. न बघता नावं ठेवायची नाहीत. तू चल माझ्याबरोबर, पण तोंड बंद ठेव."

कॉलेजची इमारत काचेची. आत प्रवेश विभागाची छोटी खोली, टेबलावर गोळ्यांची बरणी, भिंतीवर टोप्या हवेत उडवणाऱ्या पोरापोरींचे फोटो. समोर एक हसतमुख गृहस्थ. नावाच्या पाटीवर 'समुपदेशक' लिहिलेलं. त्याने आमचं ऐकून घेतलं आणि सुरू झाला. याला खर्च म्हणू नका, गुंतवणूक म्हणा. संध्याकाळच्या तुकडीत फक्त चारच जागा उरल्यात. आज नाव नोंदवलं तर अर्जाची फी माफ. उरलेल्या नोकरीच्या दिवसांवर वाटून पाहिलं तर घरातल्या सगळ्यांच्या चहाएवढाही खर्च नाही. तुमच्यासारख्या अनुभवी बाईला तर ही पदवी म्हणजे सोन्याला सुगंध.

मी टेबलाखाली पाहिलं. ताई त्याच्या प्रत्येक युक्तीला एकेक बोट मिटत होत्या. पाच झाली तेव्हा मूठ उघडली आणि म्हणाल्या, "तुम्ही फार छान विकता. किती वर्षं झाली?"

तो लाजला. "तीन."

"तुमची पदवी इथलीच का?"

"नाही, मी इतिहासाचा."

मी खोकल्याचं निमित्त करून खाली वाकले. ताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाल्या, "आम्ही झोपून बघितल्याशिवाय कुणाला गादी देत नाही. तुमचा माल तीन वर्षांचा आहे. एक तास तरी बसू द्या वर्गात, मग सांगते."

तशी पद्धत नाही, म्हणाला. ताई बरं म्हणाल्या आणि पिशवी उचलली. उठून निघालेलं गिऱ्हाईक कसं दिसतं हे त्याला पदवीशिवायही कळत होतं. दारापर्यंत पोचायच्या आत त्याने आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात नेऊन बसवलं.

शेवटच्या बाकावर बसलो. पुढे चाळीसेक मुलं-मुली, आणि शिकवायला एक तरुण बाई. चांगलं शिकवत होती, ते नाकारणार नाही. गिऱ्हाईक परत का येत नाही ते तिने आकडे मांडून इतकं सोपं करून सांगितलं की ताई माझ्या कानात म्हणाल्या, "मी वीस वर्षांची असते तर भरली असती गं फी." मी काही बोलले नाही. मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

मग बाईंनी पडद्यावर नवीन चित्र लावलं. म्हणाल्या, "आता आपल्याच एका माजी विद्यार्थ्याचा प्रकल्प पाहू. याला त्या वर्षीचं पहिलं पारितोषिक मिळालं." पडद्यावर एका गादीवर आडवा झालेला माणूस. शेजारी घड्याळ, त्यावर दहा मिनिटांची खूण. खाली बाण, चौकोन, तक्ते. ग्राहकाला किंमत सांगण्यापूर्वी 'सकाळी उठल्यावर काय दुखतं' असं विचारावं. बूट काढायला लावावेत. विक्रेत्याने दूर निघून जावं.

ताईंचा हात माझ्या मनगटावर आला.

पुढचं चित्र. 'डाव्या कोपराचं तंत्र.' एक बाई वाकून गादीवर डावं कोपर टेकवतेय. खाली लिहिलेलं: डावी बाजू हृदयाची असल्याने ग्राहकाच्या मनात आपुलकी निर्माण होते, आणि तीन या संख्येमुळे कृती पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. पुढच्या बाकावरची मुलं ते वहीत उतरवून घेत होती. एका मुलीने खाली दोन रेघा ओढल्या.

हसू फुटायच्या आत माझी नजर सगळ्यात खालच्या ओळीवर गेली. बारीक अक्षरात होतं: 'सदर निरीक्षण एका कमी शिकलेल्या महिला कर्मचाऱ्याच्या कामावरून केले आहे.'

मी उठणार होते. पण माझ्या आधी ताई उठल्या. एकोणीस वर्षांत मी त्यांना चारचौघांत आवाज काढताना ऐकलं नव्हतं.

"बाई, जरा थांबता का?" त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं बरोबर आहेत. सकाळचा प्रश्न बरोबर आहे. बुटांचंही बरोबर आहे. कोपराचं काढून टाका. ती चेष्टा आहे. नवीन माणसाची करतो आम्ही दुकानात."

चाळीस माना मागे वळल्या. बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"यातली कमी शिकलेली," ताई म्हणाल्या.

वर्गात कुणी हसलं नाही. ती दोन रेघा ओढणारी मुलगी वहीकडे बघत बसली. बाईंचा चेहरा पडला, पण त्या माणूस म्हणून चांगल्या निघाल्या. तास संपल्यावर आमच्यापाशी येऊन माफी मागितली, ते पान छापून ताईंच्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुम्ही एकदा येऊन वर्ग घ्याल का? मुलांना खरं कळेल." ताईंचा चेहरा खुलला. बाई लगोलग कार्यालयात विचारायला गेल्या. आम्ही जिन्यात उभ्या राहिलो. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, मान खाली. बाहेरच्या व्याख्यात्याकडे पदवी असावी लागते, असा नियम होता.

मी तिथं काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जिन्याखालचा शिपाई वर बघायला लागला एवढं सांगते.

आम्ही बसथांब्यावर आलो. तो कागद ताईंनी चार घड्या करून पिशवीत ठेवला होता. मग म्हणाल्या, "पद्धत उचलली त्याचं काही नाही गं. पद्धत काय माझ्या माहेरची आहे? कुणीही वापरावी. पण सहा आठवडे माझ्या डब्यात जेवला आणि लिहिताना कमी शिकलेली म्हणाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू आलं, पण माझं रागाचं होतं. बस आली तरी आम्ही चढलो नाही, दुसरीची वाट पाहिली.

चढताना ताई म्हणाल्या, "मी नाही भरणार फी."

"मग गोदाम?"

"तेही नाही."

"मग काय?"

"विकायचं," ताई म्हणाल्या. पुढं काही सांगितलं नाही.

महिनाअखेरीला मी मुद्दाम खोळींचा गठ्ठा घेऊन दुकानात गेले. त्या दिवशी खोळी द्यायच्या नव्हत्याच. कॅशियर बाई, दोन विक्रेते आणि आदल्या दिवशीच कामाला लागलेली एक नवी मुलगी, एवढे होते. अकराच्या सुमारास तक्ते आला, टॅब उघडला आणि म्हणाला, "मॅडम, पावती?"

"देते," ताई म्हणाल्या. "त्याआधी एक काम करा. ही आमची नवी मुलगी. हिला कोपराचं जरा समजावून सांगा. तुमच्याइतकं नीट आम्हाला जमत नाही."

तक्ते खूश झाला. कोट सावरून गादीपाशी गेला, डावं कोपर तीनदा टेकवलं आणि हृदयाची बाजू, आपुलकी, तीनचं समाधान, सगळं सांगितलं. नवी मुलगी मान डोलावत होती. कॅशियर बाईंनी ड्रॉवर उघडून त्यात डोकं घातलं. एक विक्रेता पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. तक्तेने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि त्याचा आवाज हळूहळू बसला.

"शनिवारी सांगतो आम्ही," ताई हळू म्हणाल्या. "सगळ्यांना शनिवारी सांगतो, की ही चेष्टा आहे. तुमचा शनिवार राहिला. चूक माझी. मला तुमची दया आली होती."

तो लाल झाला. कानांपासून मानेपर्यंत. मी खूप दिवस या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता पाहवेना.

ताईंनी पिशवीतून तो कागद काढला, घड्या उलगडल्या आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"ते... वय, शिक्षण वगैरे लिहावंच लागतं. मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं."

"मग शिक्षण लिहा ना. मी दहावी पास आहे. दहावी पास लिहा, मला लाज नाही. पण 'कमी' कशाच्या मानाने लिहिलंत? त्या सहा आठवड्यांत कोण कुणाला शिकवत होतं?"

ताईंनी पेन पुढे केला. त्याने 'कमी शिकलेल्या' हे दोन शब्द खोडले, वर 'दहावी पास' लिहिलं. ताई म्हणाल्या, "सही." त्याने सही केली.

मग ताईंनी कंपनीचा छापील फॉर्म काढला. घरून भरून आणला होता. पात्रतेच्या रकान्यात लिहिलं होतं: 'दहावी पास. पदवी स्वतः घेतलेली नाही. एकाला मिळवून दिली आहे, पुरावा सोबत.' खाली लिहिलं होतं, एकोणीस वर्षांत किती गाद्या गेल्या आणि किती परत आल्या. त्याच्याखाली विभागीय अधिकाऱ्याच्या शिफारशीसाठी मोकळी जागा.

तक्तेने वाचलं. "मॅडम, हे मी वर पाठवलं तर माझं काय होईल?"

"ते मला माहीत नाही."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर मी गोदामात जाईन आणि तुम्ही माझ्या दुकानात दुसरं कुणीतरी बसवाल. त्यालाही कोपर शिकवाल."

तो फॉर्म हातात धरून उभाच राहिला. मला वाटलं, आता फाडतो. ताई मात्र शांत होत्या. त्यांनी खिडकीजवळच्या स्प्रिंगच्या गादीकडे हात केला.

"बूट काढा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं पडा. मी येते."

आणि खरंच निघून गेल्या. मागच्या खोलीत जाऊन चहा ठेवायला लागल्या. मी त्यांच्या मागे गेले, म्हटलं, "अहो ताई, तो पळून जाईल." त्या म्हणाल्या, "बूट कुठे आहेत त्याचे?" मी डोकावून पाहिलं. बूट गादीखाली होते, टाय पोटावर, फॉर्म छातीवर, आणि विभागीय अधिकारी छताकडे बघत पडला होता. बाहेर एक म्हातारं जोडपं काचेतून त्याच्याकडे बघत उभं होतं. घड्याळात आठ मिनिटं झाली तेव्हा तो उठून बसला. पेन मागितला. मांडीवर फॉर्म ठेवून त्याने शिफारस लिहिली, पाच-सहा ओळी, खाली सही. ताई दहा मिनिटं पुरी झाल्याशिवाय बाहेर आल्या नाहीत.

जाताना दारात थांबून म्हणाला, "येतो ताई." पाच वर्षांनी.

सतरा दिवस काहीच आलं नाही. त्या सतरा दिवसांत मी तीन सुया मोडल्या. मग पत्र आलं: पंधरा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या शाखाप्रमुखांना पदवीची अट लागू नाही. आमच्या ताईंखेरीज आणखी तिघी होत्या त्यात, वेगवेगळ्या दुकानांतल्या. त्यातल्या एकीने प्रवेशाचे पैसे भरून टाकले होते, आणि ते काही परत मिळाले नाहीत. ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ताईंनी दोन खोल्या घेतल्या. आमच्या घरापासून सहा दारं सोडून. सामान मीच लावून दिलं, पडदे मीच शिवले. स्वयंपाकघर आता माझं एकटीचं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही. हे मी ताईंना सांगितलेलं नाही. त्या रोज संध्याकाळी काहीतरी मागायच्या निमित्ताने येतात, त्यावरून वाटतं, सांगायची गरजही नाही.

परवा त्या अशाच आल्या असताना तक्तेचा फोन आला. ताईंनी फोन माझ्या ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला, कारण हात कणकेत होते. तो म्हणाला, "ताई, कॉलेजात अजून तेच शिकवतायत. बाईंनी वरच्यांना कळवलं, पण प्रकल्पाचं पारितोषिक असल्यामुळे तो बदलायला समितीची मंजुरी लागते. मी पत्र लिहितो. कोपराचा भाग काढायला लावतो."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता. ज्याला खरं शिकायचंय तो येईल दुकानात. तिथं फी नाही."